नावात बदल असल्यास पुरावा जोडावा

विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते असे मराठी समाजात सर्वसाधारणपणे मानले जाते. कागदपत्रे काढून पाहिली असता मात्र ते बदलण्याऐवजी वाढलेले आढळते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव जसेच्या तसे राहते, आधार कार्डावर सासरचे येते, गॅसच्या पुस्तकावर या दोहोंच्या मधले एखादे उमटते, आणि विमा, भविष्य निर्वाह निधी, मतदारयादी यांपैकी प्रत्येकाने आपापल्या सोयीने एकेक नाव धरून ठेवलेले असते, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या संसारात एकाच बाईच्या ठिकाणी इतक्या बायका जमा होतात की त्या सर्व मिळून एकच आहेत हे शपथेवर सांगण्याची पाळी येते. या शपथेच्या कागदाला 'एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र' म्हणतात. निरनिराळ्या कागदांवर दिसणारी निरनिराळी नावे आपलीच आहेत, त्यांत दुसरी कोणी बाई लपलेली नाही, असे त्यात अर्जदार लिहून देते. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडे त्याचा मसुदा तयारच असतो, फक्त नावांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. त्याचा पहिला प्रश्न 'किती नावं?' असा असतो, आणि अर्जदाराने 'दोन' असे उत्तर दिल्यास 'नीट आठवा' असा अनुभवी सल्ला तो विनामूल्य देतो.

या वाढीचा उगम तांदळात आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत वधू सासरी आली की लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात, वर त्यांत सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, जमलेली मंडळी ते मान वाकडी करून वाचतात, आणि पेढे वाटले की नामांतर संपन्न होते. या विधीला अर्ज लागत नाही, छायाचित्र लागत नाही, झेरॉक्स लागत नाही, आणि पुष्कळदा वधूची संमतीही गृहीतच धरलेली असते. सर्व मिळून पाच मिनिटांचा हा कार्यक्रम असून भारतात याहून जलद चालणारी नावबदलाची दुसरी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नाही. तिच्यात दोष एवढाच की ताटातील मजकूर पुरावा म्हणून जतन करण्याची पद्धत नसल्याने ते तांदूळ पुढे स्वयंपाकघरात जातात, आणि विवाहानंतरच्या पहिल्याच सोमवारी 'नावात बदल असल्यास पुरावा जोडावा' ही ओळ वधूच्या दृष्टीस पडते तेव्हा तो पुरावा बहुधा घरच्यांनी वरणाबरोबर खाल्लेला असतो.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न उद्भवत नव्हता. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आलेली यमुना रमाबाई झाली, आणि पुढच्याच वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन दुसरी यमुना आनंदीबाई झाली. झाशीला मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, त्यानंतर काही दशकांनी नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह होऊन आणखी एका मनकर्णिकेचीही लक्ष्मीबाईच झाली, यावरून नव्या नावांचा साठा तसा मर्यादितच असावा असे दिसते. लोकमान्य टिळकांच्या पत्नीचे माहेरचे नाव तापी, सासरचे सत्यभामा. आणि खुद्द लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, जगात रूढ झालेले बाळ. या दांपत्याला आज एखाद्या बँकेत संयुक्त खाते उघडावयाचे असते, तर दोघांचीही नावे कागदोपत्री जुळत नाहीत या कारणास्तव त्यांचा अर्ज परत आला असता, आणि 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' असे म्हणणाऱ्या गृहस्थाला आधी जन्माचा दाखला आणावयास सांगितले गेले असते. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या पदवीवरचे नाव आणि पाळण्यातले नाव यांचा मेळ घालून दाखवा, असे त्यांना कोणी म्हटल्याची नोंद सापडत नाही. समुद्र ओलांडणे त्या काळी कठीण होते, खिडकी ओलांडणे सोपे होते.

कायद्याची बाजू पाहता तीत गोंधळाला फारसे कारण नाही. विवाहानंतर स्त्रीने नाव अथवा आडनाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा भारतात नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे, आणि सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले; परंतु नोंदणी होते ती विवाहाची, नव्या नावाची नव्हे. विवाहाच्या क्षणापर्यंत वधू माहेरच्याच नावाने वावरत असल्यामुळे प्रमाणपत्रावर साहजिकच तेच नाव येते. हा तर्क नोंदणी कार्यालयाला मान्य असला तरी अन्य कार्यालयांना तो संशयास्पद वाटतो, आणि मग खिडकीवर पुढील स्वरूपाचा संवाद घडतो.

'हे तर जुन्या नावाचं आहे. नव्या नावाचं लग्नाचं सर्टिफिकेट आणा.'

'नव्या नावानं लग्न झालेलं नाही.'

'मग हे लग्न झालंय कुणाचं?'

या प्रश्नाचे उत्तर देताना अनेक स्त्रिया क्षणभर थांबतात, असे निरीक्षण आहे.

पुढील विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक वधू गृहीत धरणे आवश्यक आहे. तिचे माहेरचे नाव अश्विनी विनायक जोशी असे मानू. विवाहानंतर ती सुहासिनी सुहास देशपांडे झाली, कारण वराचे नाव सुहास असल्यामुळे त्याला सुहासिनीच शोभेल असे वराच्या आत्याबाईंचे मत पडले, आणि आत्याबाईंच्या मताविरुद्ध बोलण्याची त्या घरात प्रथा नव्हती. आत्याबाई दोन दिवसांनी आपल्या गावी परत गेल्या. त्यांच्या मताची अंमलबजावणी अद्याप चालू आहे.

नाव आणि आडनाव दोन्ही बदलले की 'गॅझेट करून घ्या' असा सल्ला मिळतो. गॅझेट म्हणजे महाराष्ट्र शासनाचे राजपत्र. नावबदलाच्या जाहिराती त्याच्या भाग दोनमध्ये येतात, त्या भागावर तारीख छापताना 'गुरुवार ते बुधवार' असा आठवड्याचा पट्टा दिलेला असतो, आणि हे सर्व काम मुंबईत चर्नी रोडला मुख्यालय असलेल्या शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे असते. पूर्वी त्यासाठी प्रत्यक्ष जावे लागे, आता अर्ज ऑनलाइन भरता येतो, म्हणजे कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतील मुलगा तो भरतो आणि भरताना आडनाव 'देशपांडे' की 'देशपाण्डे' असे विचारून एक नवीनच चिंता निर्माण करतो. यथावकाश राजपत्राचे ते पान हाती येते. दाटीवाटीने छापलेल्या जुन्या-नव्या नावांच्या जोड्यांत आपली जोडी शोधून काढली की वधूला धन्य वाटते, घरातील मंडळी ते पान चष्मा लावून वाचतात, आणि वाचताना कोणाचे तरी लक्ष वरच्या बारीक टिपेकडे जाते. त्या टिपेचा आशय असा की सूचनांतील मजकूर सर्वस्वी संबंधितांच्या अर्जावर आधारलेला असून त्यासाठी कागदपत्रे तपासलेली नाहीत, सबब त्याच्या खरेपणाची कोणतीही जबाबदारी शासनावर नाही. नाव बदलल्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून जो कागद देशभर मान्य होतो, त्या कागदाने स्वतःविषयी इतका विनय बाळगावा, ही गोष्ट भारतीय प्रशासनात दुर्मिळच म्हटली पाहिजे. गोव्यातील मराठी माणसाची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तेथे नाव व आडनाव बदलण्यासाठी १९९० सालचा स्वतंत्र कायदाच आहे. तेथील वधूची दमछाक निदान कलमानुसार होते.

राजपत्राच्या आधी प्रतिज्ञापत्र लागते, आणि प्रतिज्ञापत्र म्हटले की मुद्रांक कागद आलाच, अशी सर्वांची ठाम समजूत आहे. वस्तुतः सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ सालीच माफ केलेले आहे. ही माफी शासनाच्या सर्व खात्यांना ठाऊक आहे, फक्त खिडक्यांना ठाऊक नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे शंभर रुपयांचा कागद मागितला जात राहिला, २०२४ साली किमान मुद्रांक पाचशेवर गेला तेव्हा लोक पाचशेचा कागद घेऊन रांगेत उभे राहू लागले, आणि साध्या कागदावर शपथ घेतली तरी चालते हे सांगणाऱ्या एखाद्या जाणत्या अर्जदाराला 'साध्या कागदावर खोटं बोलायला काय जातंय?' असे उत्तर मिळू लागले. शपथेचा खरेपणा कागदाच्या किमतीवरून ठरवण्याची ही कसोटी कोणत्याही न्यायशास्त्राच्या ग्रंथात सापडत नाही, तरी तिची व्यावहारिक प्रतिष्ठा मोठी आहे.

आधार केंद्रावर सुहासिनीची गाठ एका तत्त्वाशी पडते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. तिसऱ्यांदा बदलावयाचे झाल्यास अपवाद म्हणून वरिष्ठ कार्यालयाकडे दाद मागावी लागते. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या डोळ्यांसमोर नाव बदलून पळणारे भामटे असावेत, सासर त्यांच्या डोळ्यांसमोर नसावे. केंद्रचालक अर्ज वाचतो आणि मान हलवतो.

'मॅडम, नाव दोनदा लिहिलंय तुम्ही. सुहासिनी सुहास.'

'दुसरं मिस्टरांचं आहे.'

'बरोबर आहे, पण डबल दिसतंय. एक काढून टाकतो.'

कोणते काढले हे पंधरवड्याने कळते. घरी आलेल्या कार्डावर सुहासिनीचे छायाचित्र, तिचीच जन्मतारीख, लिंग स्त्री, आणि नाव सुहास देशपांडे असा तपशील असतो. घरात आता दोन सुहास देशपांडे झाल्यामुळे एक संधी खर्च करून ही चूक दुरुस्त करावी लागते, त्या दुरुस्तीत रोमन लिपीतील नाव बरोबर येते पण देवनागरीतील 'सि' दीर्घ होतो, आणि दुसरी संधीही संपते. 'आता यापुढे बदल नाही,' असे केंद्रचालक गंभीरपणे सांगतो, 'आता जमवून घ्या.' त्याचा रोख नावाकडे असतो की संसाराकडे, हे स्पष्ट होत नाही.

पॅन कार्डाची कथा याहून सूक्ष्म आहे, आणि तिच्याकडे विद्वानांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पॅन हा दहा अक्षरांचा क्रमांक दिसावयास यदृच्छेने जुळवल्यासारखा दिसतो, परंतु त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, म्हणजे माणूस असल्यास इंग्रजी 'पी', आणि पाचवे अक्षर क्रमांक मिळाला त्या वेळच्या आडनावाचे आद्याक्षर असते. अश्विनी जोशीला पॅन मिळाला तेव्हा पाचव्या स्थानी 'जे' बसला. पुढे ती देशपांडे झाली, कार्डावर नाव बदलून आले, सही बदलून आली, पण पॅन आयुष्यभर एकच राहत असल्यामुळे तो 'जे' जागचा हलला नाही. तांदूळ, राजपत्र, आधार आणि आत्याबाई या सर्वांना जे पूर्णपणे पुसता आले नाही ते माहेरचे आडनाव आयकर खात्याने एका अक्षरात सांभाळून ठेवले आहे. ज्या खात्याला हृदय नाही असा लौकिक आहे, त्या खात्याने. इतकेच नव्हे, तर पॅनच्या अर्जात वडिलांच्या नावाच्या रकान्यात विवाहित स्त्रीनेही वडिलांचेच नाव लिहावे, पतीचे लिहू नये, असे स्पष्ट बजावलेले असते. अन्यत्र पतीचे नाव लिहून हाताला वळण पडलेल्या स्त्रिया येथेही झपाट्याने 'सुहास' लिहून मोकळ्या होतात आणि त्यामुळे कागदोपत्री सुहासरावांना जावई आणि सासरे अशी दोन्ही पदे एकदम प्राप्त होतात.

२०१७ पासून पॅन आणि आधार यांची परस्परांशी जोडणी कायद्यानेच आवश्यक झाली, तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली, पुढे उशिराबद्दल एक हजार रुपये शुल्क लागले. जोडणीसाठी दोन्ही कागदांवरचे नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावे लागते. लग्न जुळवताना छत्तीस गुण पाहणाऱ्या घरांना तीन गुण जुळवणे अवघड जाऊ नये अशी अपेक्षा होती; पण पत्रिकेत अठरा गुण जुळले तरी चालते आणि येथे तिन्ही जुळावे लागतात, हा फरक लक्षात घेतला गेला नाही.

शिधापत्रिकेवर वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण तिच्यावर मुळातच पुष्कळ वेळ जातो. सासरच्या कार्डावर नाव चढवण्यासाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. माहेरचे नाव तत्परतेने कमी होते, सासरचे सावकाश चढते, आणि मधल्या काळात ही स्त्री शासनाच्या लेखी कोणत्याच घरात जेवत नसते. काही वडील या दाखल्यासाठी पुरवठा शाखेत जाण्याचे टाळतात. 'राहू दे की, नाव काय खायला मागतंय?' असे ते म्हणतात. धान्यवाटपाच्या यंत्राचे म्हणणे नेमके उलट असते.

बँकेतील प्रसंग मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. सुहासिनीच्या वडिलांनी ती महाविद्यालयात असताना तिच्या नावे मुदत ठेव ठेवलेली होती, तिची मुदत संपली, आणि रक्कम तिच्या नव्या नावाच्या खात्यात जमा करावी असा अर्ज तिने आणला. अधिकारी बाईंनी ठेवीची पावती उलटसुलट पाहिली, नमुना सहीचे जुने कार्ड मागवले, आणि अर्जावर जुन्या सहीने सही करावयास सांगितले. नमुना सही म्हणजे खाते उघडताना घेतलेली आणि पुढच्या सर्व सह्या जिच्याशी ताडून पाहावयाच्या अशी सही. कार्डावर निळ्या शाईत 'अ. वि. जोशी' अशी एकोणीस वर्षांच्या मुलीने मोठ्या डौलाने काढलेली, शेवटच्या वेलांटीला शेपटी सोडलेली सही होती. सुहासिनीने टेबलाच्या कडेशी चार ओळी कच्च्या गिरवल्या. पहिल्या सहीत शेपटी आखूड झाली, दुसरीत 'जो'चा काना निसटला, तिसरी बरी आली पण ती देशपांडे यांच्या वळणाने उजवीकडे झुकली.

'जुळत नाही हो,' अधिकारी बाई म्हणाल्या.

'माझीच आहे.'

'तुमची आहे, पण यांची नाही ना,' असे म्हणून बाईंनी कार्डावरच्या मुलीकडे बोट दाखवले.

मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी, सही करताना विचार करू नये, विचार केला की बिघडते, असे सुचवले. सुहासिनीने डोळे मिटून सही केली, शेपटी नेमकी जिथे जायची तिथे गेली, बाईंनी शिक्का मारला, आणि लगेच दुसरा कागद पुढे सरकवला. 'आता ही सही रद्द करून नवी सही घ्यावी, असा अर्ज द्या. त्यावर सही मात्र जुनीच करा.' परत ती शेपटी काढावी लागली. यानंतर बाईंनी आपले पाकीट काढून स्वतःचे एक जुने ओळखपत्र दाखवले. त्यावरचे नाव टेबलावरच्या पाटीशी जुळत नव्हते. 'नोकरी लागली तेव्हाचं आहे,' त्या म्हणाल्या, 'बदलायचंय, पण वेळच मिळत नाही.'

पारपत्राच्या बाबतीत शासनाने उदारपणा दाखवला आहे. विवाहितांकडून विवाहाचे प्रमाणपत्र मागू नये असा बदल डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला, आणि विवाहानंतर पारपत्रावरचे नाव बदलण्याची स्त्रियांना गरज नाही असे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी सांगितले. सांगणे पंतप्रधानांचे होते, परंतु विमानाचे तिकीट काढणारे सासरे असतात, आणि ते सूनबाईंचे नाव तांदळानुसार घालतात. मग तिकिटावर एक नाव आणि पारपत्रावर दुसरे, अशी जोडी विमानतळावर पोहोचते. परदेशात पोहोचल्यावर मराठी नावाची आणखी एक गंमत होते. आपल्याकडे व्यक्तीच्या नावानंतर वडिलांचे अथवा पतीचे नाव येते, ही पद्धत तिकडच्या अर्जांना ठाऊक नसल्यामुळे पारपत्रात आडनाव सोडून लिहिलेले सर्वच शब्द त्या बाईचे स्वतःचे समजले जातात, आणि दंतवैद्याच्या प्रतीक्षालयात सुहासिनीच्या ऐवजी 'सुहास' अशी हाक येते तेव्हा नवराबायको दोघेही उठून उभे राहतात. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ साली एकाच शब्दाचे नाव असलेल्या पारपत्रांना प्रवेश नाकारण्याचे ठरवले, तेव्हा मराठी मंडळींना फारशी झळ लागली नाही. त्यांचा आजार नेहमीच आधिक्याचा राहिला आहे.

हे आधिक्य आता अधिकृतपणे वाढले आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात त्यांच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. निर्णय स्तुत्य आहे, आणि त्याचे पालन वरूनच सुरू झाले: मंत्रालयातील पाट्यांवर मातोश्रींची नावे झळकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी देवेंद्र सरिता गंगाधर फडणवीस या नावाने शपथ घेतली. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत मात्र आधीची पद्धत, म्हणजे स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव, तशीच ठेवण्यात आली. यातून जे गणित निघते ते आजच करून ठेवणे बरे. २०२४ च्या मे महिन्यात जन्मलेली मुलगी आई आणि वडील अशा दोघांची नावे आपल्या नावात घेऊन वाढेल, शाळेत जाईल, पदवी घेईल, आणि एका मंगल सकाळी अक्षता पडल्या की जुन्या पद्धतीने ती दोन्ही नावे एकदम खाली ठेवील. पूर्वीच्या वधूचे विवाहात वडील तेवढे गळत असत, आता आईचीही सोय झाली आहे. तिच्या मुलाच्या नावात मात्र तिचे नाव येईल. ते तिचे कोणते नाव असेल, यावर त्या वेळी आत्याबाई हयात असल्यास मत देतील.

उलटा प्रवास करणाऱ्या स्त्रियांची स्थिती आणखी गमतीची आहे. माहेरचे आडनाव परत घ्यावयाचे असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र जोडावे, अशी अट केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने घातल्यावरून २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. नाव घेताना ज्याची हरकत कोणी विचारली नव्हती, ते परत करताना त्याची ना-हरकत लागावी, हा न्याय वाचनालयाच्या पुस्तकालाही लागू नाही. शिवाय ना-हरकत देणाऱ्या पतीला आपण पतीच आहोत हे सिद्ध करावे लागणार, त्यासाठी विवाहाचे प्रमाणपत्र लागणार, आणि त्या प्रमाणपत्रावर वधूचे नाव माहेरचेच असणार. म्हणजे जे नाव परत मिळवावयाचे तेच पुरावा म्हणून जोडावयाचे.

या सर्व खटाटोपात पुरुषाच्या कागदपत्रांत एक वेलांटीही बदलत नाही, ही गोष्ट पुष्कळ पुरुषांच्या लक्षात आलेली नसते, कारण ते रांगेत बरोबर उभे असतात आणि त्यामुळे आपणही कष्ट घेत आहोत अशी त्यांची प्रामाणिक भावना असते. 'आम्ही नाव बदलून घेतलं', असे ते कार्यालयात सहकाऱ्यांना सांगतात. सुहासराव तर पत्नीच्या नावबदलात इतके पारंगत झाले की सोसायटीतील नवविवाहित जोडपी त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येऊ लागली, आणि तेही कोणती खिडकी जेवणाच्या सुटीनंतर उघडते, कोणता कागद लॅमिनेट करू नये, साक्षांकित प्रती किती न्याव्यात, हे हातवारे करून समजावू लागले. सल्ल्याच्या शेवटी ते आवाज खाली आणून 'त्यापेक्षा बदलूच नका' असे सांगतात.

हा सल्ला अलीकडे अनेक मुली मानू लागल्या आहेत, आणि जुन्या नावाने राहिल्यास सर्व कटकटी टळतात असा त्यांचा समज आहे. तो समज मुलाच्या शाळाप्रवेशापर्यंत टिकतो. अशाच एका आईने प्रवेशाचा अर्ज भरला, आईच्या नावापुढे आपले माहेरचे नाव आणि आडनाव लिहिले, विवाहाचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, पारपत्र आणि मुलाचा जन्मदाखला असे पाचही कागद त्याच नावाचे, एका वेलांटीचाही फरक नसलेले, क्रमाने लावून दिले. कारकुनाने ते सर्व पाहिले, पुन्हा पाहिले, आणि चिंतेने विचारले, 'लग्नानंतरचं नाव कुठाय?'

'हेच आहे. बदललं नाही.'

'बदललं नाही?'

'नाही.'

कारकुनाने तपासयादीतील रकान्यांवरून बोट फिरवले. बदललेल्या नावासाठी राजपत्र, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र अशा तीन चौकटी होत्या. न बदललेल्या नावासाठी चौकट नव्हती. राजपत्रातही असा विभाग अद्याप उघडलेला नाही. तो थोडा वेळ विचारात पडला, मग त्याला मार्ग सुचला आणि त्याचा चेहरा खुलला.

'मग असं करा,' तो म्हणाला, 'नाव बदललेलं नाही, याचा काहीतरी पुरावा जोडा.'